लाकडी घोटा

मार्चमधल्या एका मंगळवारी माझा नवरा सकाळी ऑफिसला गेला. दहानंतर त्याच्या ऑफिसमधून फोन आला. मी हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा तो गेला होता.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला अजून नीट लिहिता येत नाही. एवढंच सांगते की विमा, गाडी, वीज असं सगळं त्याच्या नावावर असल्यामुळे रोज सकाळी मी त्याची ईमेल उघडून बसायची. एप्रिलच्या शेवटी त्यात एक स्मरणपत्र आलं. शनिवारी नऊ वाजता तुमचा सीएनसी मशीनचा वर्ग आहे, बंद बूट घालून या, सैल बाह्यांचे कपडे घालू नका.

त्यानं असल्या वर्गात नाव घातलं होतं हे मला माहीत नव्हतं. सीएनसी म्हणजे संगणकानं चालवायचं कोरण्याचं मशीन, एवढं मला ठाऊक होतं. पण त्याला त्यावर काय करायचं होतं, कोणासाठी, ते काही कळेना. मी त्याच्या लॅपटॉपवर शोधलं, खिशातल्या कागदांत शोधलं. काही नव्हतं. 'ते येऊ शकणार नाहीत' असं एका ओळीचं उत्तर लिहायला घेतलं आणि चार वेळा खोडलं. माझा व्यवसायच लिहिण्याचा आहे. एका कंपनीत सॉफ्टवेअरबरोबर जाणाऱ्या माहितीपुस्तिका मी लिहिते, ज्या कोणी वाचत नाही. तरी ती ओळ जमली नाही. शेवटी समोर जाऊनच सांगावं म्हणून शनिवारी बंद बूट घालून निघाले.

आमच्या सिअ‍ॅटलजवळच्या बेलव्ह्यूच्या कडेला, जिथे काचेच्या इमारती संपतात आणि गोदामं सुरू होतात, तिथे ते सामायिक वर्कशॉप आहे. शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे असतील. आयुष्यभर लाकडी होड्या बांधलेल्या. दाढीत भुसा. मी त्यांना सांगितलं की ज्यांचं नाव यादीत आहे ते येणार नाहीत. ते सहज म्हणाले, मग पुढच्या महिन्याचा वर्ग देऊ त्यांना. तेव्हा मला पुढचंही सांगावं लागलं. मग त्यांनी एका स्टुलाकडे बोट दाखवलं, म्हणाले, जागा तर आहेच. बसावंसं वाटलं तर बस, जावंसं वाटलं तर जा. डोळ्यांवर लावायचा चष्मा मात्र दोन्हीसाठी सक्तीचा, कारण दाराकडे जायची वाट मशीनच्या शेजारून आहे.

मी बसले. खरं तर मला उभं राहायचा कंटाळा आला होता.

मशीन म्हणजे दोन माणसं झोपतील एवढं टेबल. त्यावर रुळांवरून मागेपुढे, डावीउजवीकडे सरकणारी मोटर, आणि मोटरीच्या तोंडाला पेन्सिलीएवढं पातं. ते म्हणाले, याच्याबद्दल पहिली गोष्ट लक्षात ठेवा, याला जगातलं काहीही कळत नाही. लाकूड कुठे आहे, टेबल कुठे आहे, तुमचा हात कुठे आहे, काही नाही. शून्य कुठे ते तुम्ही सांगायचं. मग ते जन्मभर त्या शून्यावरून मोजत राहील. मग त्यांनी लाकडावर कागदाचा एक कपटा ठेवला आणि पातं केसाकेसानं खाली आणत मला तो कपटा बोटानं हलवत राहायला सांगितलं. कागद हलत होता, हलत होता, आणि एका क्षणी हलेनासा झाला. हेच शून्य, ते म्हणाले.

मला हसू आलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा आलं, म्हणून लक्षात आहे. उभं आयुष्य कागदात घालवलेल्या बाईला मशीननं पहिलं काम दिलं ते कागद धरण्याचं.

वर्ग संपताना प्रत्येकाला एक छोटी वस्तू कोरायला मिळाली. कोणी कुत्र्याचं नाव कोरलं, कोणी होकायंत्र. मी 'ळ' कोरला, मेपलच्या तुकड्यावर, तळहाताएवढा. पातं अक्षराच्या त्या दोन गाठींतून न अडखळता फिरलं. पांढरा भुसा उडाला, भाजलेल्या साखरेसारखा वास आला, आणि लाकडाच्या आतून आमचं अक्षर वर आलं. आजूबाजूची माणसं वाकून बघत होती. होडीवाल्या सरांनी त्याचा उच्चार करून बघितला, जीभ वळवता वळवता दमले आणि म्हणाले, यापेक्षा होडी सोपी. ते सगळ्यांना नावानं हाक मारायला सांगत. मी मात्र त्यांना सरच म्हणत राहिले आणि त्यांनी नाद सोडला.

घरी आल्यावर मी त्या मशीनची तीनशे पानांची माहितीपुस्तिका उतरवून घेतली आणि आठवडाभर वाचली. पुढच्या शनिवारी सरांना काही शंका विचारल्या तर ते माझ्याकडे बघतच राहिले. एवढ्या वर्षांत ती पुस्तिका वाचून आलेलं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, ती कोणीतरी लिहिली असेल ना, लिहिणारीला बरं वाटेल.

तो 'ळ' दाखवायला मी काकूंकडे गेले.

काकू आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये, दोन इमारती सोडून, मुलाकडे राहतात. मूळच्या नागपूरच्या, वय बाहत्तर. लहानपणापासून व्हायोलिन वाजवत आलेल्या. इथे आल्यावर त्यांनी कॉम्प्लेक्समधल्या कितीतरी मुलांना शिकवलं. जानेवारीत त्यांचे दोन्ही गुडघे बदलले. मार्चमध्ये माझ्या घरी सगळे जमिनीवर सतरंजीवर बसत तेव्हा त्या एकट्याच खुर्चीवर बसायच्या. रोज डबा आणायच्या, तासभर बसायच्या आणि एक शब्द न बोलता जायच्या. त्या दिवसांत मला तेवढंच सोसत होतं.

त्यांनी 'ळ' हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला, गुळगुळीत आहे म्हणाल्या. मग एकदम सांगितलं की व्हायोलिन देऊन टाकायचं ठरवलंय. त्यांची एक विद्यार्थिनी सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात संशोधन करते. नोकरीसाठी दुसऱ्या गावी जाण्याआधी, ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी ती येऊन घेऊन जाईल.

मला कारण लगेच कळलं नाही, म्हणून त्यांनी समजावलं. आपल्याकडे व्हायोलिन मांडी घालून वाजवतात. एक बाजू खांद्याखाली छातीशी टेकते, आणि मानेच्या टोकाला जे शंखासारखं वळण असतं ते उजव्या पायाच्या घोट्यावर ठेवतात. दोन्हीकडून आधार मिळाला की डावा हात मोकळा राहतो आणि बोट तारेवरून हवं तसं घसरतं. आता गुडघे नवे, डॉक्टर जमिनीवर बसू देत नाहीत. खुर्चीवर बसलं की घोटा राहतो तिकडे खाली, जमिनीशी.

"गोऱ्यांसारखं हनुवटीखाली धरून नाही का जमणार?" मी विचारलं.

"पाहिलं ना करून. दोन महिने पाहिलं." काकूंनी डावा हात वर धरून दाखवला. "असं धरलं की हा हात हमाल होतो. ओझं धरू की सूर लावू? हमालाकडून मींड निघते का कधी?"

त्या म्हणाल्या, वस्तू वाजती राहिली पाहिजे, कपाटात ठेवून तिचे हाल कशाला. आवाजात तक्रार नव्हती. मला ती नसणंच ऐकवेना. मार्चपासून मी हे असंच, तक्रार न करता, वस्तू देऊन टाकत होते. शर्ट, बूट, त्याची सायकल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्यांच्या दारात. रात्री झोप चांगली लागली होती आणि उठले तीच ही कल्पना घेऊन.

"काकू, लाकडाचा घोटा चालेल का?"

"कोणाचा?"

"तुमचाच. उजवा."

त्यांनी मला आत घेतलं, चहा टाकला. मग म्हणाल्या, "काय करून राहिली तू त्या कारखान्यात, मला नीट सांग बरं."

मी वहीत काढून दाखवलं. खुर्चीवर ठेवायची एक फळी. काकू तिच्यावर बसणार, म्हणजे त्यांच्याच वजनानं ती जागची हलणार नाही. फळीला पुढे, दोन गुडघ्यांच्या मधून येणारी एक जीभ. त्या जिभेच्या टोकावर घोटा. शंख तिथे टेकणार. काकूंनी चित्र उलटसुलट फिरवून पाहिलं. घोडा दिसतो आहे, म्हणाल्या. पण पाय पुढे केला.

मोबाइलनं एखाद्या वस्तूभोवती फिरत फोटो काढले की तिचा आकार संगणकात उतरतो. काकूंनी उजवा पाय स्टुलावर ठेवला आणि मी गुडघ्यांवर बसून त्याच्याभोवती फिरू लागले. घोट्याच्या जरा वर, पुढच्या बाजूला, एक काळसर घट्टा होता, रुपयाएवढा, मधे किंचित खोलगट. साठ वर्षं शंख तिथे टेकत आला होता. तेवढ्या जागी कातडीवर नख टोचलं तरी कळत नाही, काकू म्हणाल्या.

"एवढी खाली वाकलीच आहेस तर नमस्कार तरी कर."

मी केला. मग कॅलिपर काढून घट्ट्याची खोलीही मोजली. काकू म्हणाल्या, आशीर्वाद मिलिमीटरमध्ये पाहिजे का तुला.

त्या संध्याकाळी संगणकावर तो पाय उघडला तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. करड्या रंगाचा, हजारो छोट्या त्रिकोणांचा, पडद्यावर हळूहळू फिरणारा काकूंचा पाय. आणि त्यावर तो खळगा, स्पष्ट. सरांना दाखवला तर ते म्हणाले, कुठल्या डोंगराचा नकाशा आहे. त्यांनी होडीच्या कामातून उरलेली मोठ्या पानांच्या मेपलची एक फळी दिली. हे झाड इथलंच, आमच्या पार्किंगमध्येही आहे, त्याची पानं ताटाएवढी होतात.

जून आणि जुलैचे शनिवार मी त्या फळीजवळ काढले. आधी जाड पातं लावून नको ते लाकूड काढून टाकायचं. तेव्हा घोटा पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, भाताच्या उतारावरच्या खाचरांसारखा. मग गोल तोंडाचं बारीक पातं लावून मशीन त्याच वाटांनी पुन्हा फिरतं, आणि त्या पायऱ्या विरघळत जातात. हे बघताना मला वेळेचं भान राहायचं नाही. पहिला तुकडा मी लाकडाच्या रेषा आडव्या घेतल्यामुळे चिरला. दुसऱ्यात शून्य चुकलं आणि मशीननं घोट्याऐवजी हवा कोरली, वीस मिनिटं, अतिशय मन लावून. सर हसून भिंतीला टेकले. तिसरा जमला. पॉलिशपेपरनं घासून, तेल लावून हातात घेतला तेव्हा मेपलच्या रेषा बरोबर त्या खळग्याभोवती वळसे घेत होत्या, जणू झाडालाही तिथे घट्टा पडला होता. मी तो गाडीत शेजारच्या सीटवर ठेवून त्याला सीटबेल्ट लावला. घरी पोचल्यावर लक्षात आलं की सबंध रस्ताभर मी मोठ्यानं बोलत होते, त्याच्याशी, नवऱ्याशी: बघ, तू नाव घातलंस आणि मी काय केलं.

आता फळीची लांबी ठरवायची होती, म्हणजे काकूंच्या खांद्यापासून घोट्यापर्यंतचं अंतर. त्यासाठी त्यांना एका शनिवारी वर्कशॉपमध्ये नेलं, कारण तिथे एक मोजमापाची खुर्ची होती, जिच्यावर बसवून कोनसुद्धा मोजता येत. बंद बूट सक्तीचे, म्हणून काकूंनी सुनेचे चालायला जायचे बूट घातले, साडीवर. व्हायोलिन बरोबर आणलं होतं, पण खुर्चीवर बसल्यावर त्यांनी पेटी उघडलीच नाही. पायांत पादत्राणं असताना वाद्याला हात लावायचा नाही, हे त्यांनी मला असं काही सांगितलं, जणू मी ते विसरलेच होते. मी काही विसरले नव्हते. मग आधार म्हणून त्यांनी छत्री धरली. आम्ही छत्रीवर व्हायोलिनच्या लांबीची खूण केली आणि काकू डोळे मिटून, गज हातात असल्यासारखा उजवा हात हलवत, छत्री वाजवू लागल्या. सर बाजूला उभे. इथले जुने लोक पावसातही छत्री वापरत नाहीत. ते मला हळूच म्हणाले, तिचा असाही उपयोग असतो हे आज कळलं. मी मापं लिहून घेतली. सगळी, दशांशापर्यंत.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात फळी, जीभ, घोटा, सगळं जोडून तयार झालं. घोट्यावर मऊ चामड्याचा पातळ तुकडा चिकटवला. काकूंच्या जेवणाच्या टेबलाची खुर्ची वर्कशॉपच्या खुर्चीएवढीच उंच आहे, हे मी आधीच मोजून ठेवलं होतं. मी रविवारी सकाळी ते घेऊन गेले. काकूंनी आंघोळ करून व्हायोलिन काढून ठेवलं होतं, तारा लावल्या होत्या. त्या बसल्या. शंख घोट्यावर ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. जागा मिळाली, म्हणाल्या. पायाला कळली नाही पण व्हायोलिनला कळली.

मग त्यांनी गज उचलला, आणि उचलता उचलता किंचित पुढे सरकल्या. फळी पुढे झुकली. शंख घोट्यावरून सुटला आणि व्हायोलिन खाली निसटलं. काकूंनी ते मधेच धरलं, गज मात्र पडला. आम्ही पुन्हा बसवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी मागे टेकून बसायचा प्रयत्न केला, तर पाठ अवघडली आणि दोन सुरांत त्या पुन्हा पुढे आल्या. चौथ्यांदा त्यांनी बसवलं नाही. व्हायोलिन पुसून पेटीत ठेवलं.

"राहू दे गं. जेवढं करण्यासारखं होतं तेवढं सगळं केलंस तू."

हेच वाक्य मार्चमध्ये मी हॉस्पिटलच्या खोलीबाहेर उभी राहून, इंग्रजीतून, ऐकलं होतं. तेव्हा ते खरं होतं. आता ते खरं आहे असं मला पटेना. पण चूक कुठे आहे हेही दिसेना. मी फळी उचलून दाराशी आले आणि बूट घालायला खाली बसले.

त्यांच्या दाराशी चपलाबुटांची रांग असते. त्या रांगेत सुनेचे ते चालायचे बूट होते. जाड तळव्यांचे, पांढरे, फोम भरलेले. मी एक बूट हातात घेतला आणि तशीच बसून राहिले. काकू ठेंगण्या आहेत. वर्कशॉपच्या खुर्चीवर त्यांचे पाय जमिनीला पोचत होते ते या बुटांमुळे. घरी, अनवाणी, ते पोचत नव्हते, अधांतरी होते, आणि जमिनीचा आधार घ्यायला त्या नकळत पुढे सरकत होत्या. घोट्याचं माप मी घरी अनवाणी पायाचं घेतलं होतं आणि बसण्याचं माप बुटांच्या तळव्यांवर. त्या माझ्या डोळ्यांसमोर छत्री वाजवत होत्या, बूट आहेत म्हणून वाद्याला शिवत नव्हत्या, आणि मी दशांश लिहीत होते. वाजवताना त्या अनवाणी असणार, हे मला कोणी शिकवायला हवं होतं का?

मी पिशवीतून कॅलिपर काढून तळवा मोजला. चौतीस मिलिमीटर. मग तशीच, एका पायात बूट आणि एक पाय मोकळा, आत गेले, अर्ध्यावर आठवण झाली, परत येऊन पायातला बूट काढला. काकू देवघराशी उभ्या होत्या. मी त्यांच्यापुढे ते पादत्राण धरलं आणि म्हटलं, "काकू, चूक सापडली. फक्त चौतीस मिलिमीटर आहे."

"तो बूट खाली ठेव आधी," काकू म्हणाल्या.

सरांना सांगितलं तर त्यांना हे फार सोपं वाटलं. वाजवताना बाईंनी तेच बूट घालावेत, झालं. मी त्यांना सांगू लागले की ते का शक्य नाही. वाद्य म्हणजे आमच्याकडे नुसती वस्तू नव्हे, त्याला पाय लागला तरी आम्ही नमस्कार करतो, आणि सांगता सांगता मलाच जाणवलं की हे मी पहिल्यांदाच कोणाला तरी शब्दांत सांगते आहे. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, होडीत आम्हीही बूट काढूनच जातो, डेकला चरे पडतात म्हणून. कारण वेगळं आहे, पण काढतो. आणि उरलेली फळी शोधायला गेले.

उरलेली फळी अडतीस मिलिमीटर जाडीची होती. मी आकडा ऐकला आणि हातातली पेन्सिल खाली ठेवली. काकूंच्या उजव्या पायाचं चित्र माझ्या संगणकात होतं, तळव्याच्या कडेसकट. फळीत त्यांच्या तळव्यांच्या आकाराचे दोन खळगे कोरायचे, चार मिलिमीटर खोल. खाली उरतात बरोबर चौतीस. सरांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि माझ्या खांद्यावर थाप मारायला हात उचलला, मग विचार बदलून टेबलावर मारली. डावा पाय मी उजव्याचा आरसा धरून काढणार होते. त्यांनी थांबवलं, म्हणाले, कोणाचेही दोन पाय सारखे नसतात, पुन्हा चूक नको. तेव्हा काकूंकडे जाऊन डाव्याचंही माप घेतलं. खरंच तो अर्ध्या बोटानं लहान निघाला. बाहत्तर वर्षं हे त्यांनाही माहीत नव्हतं. तरीच डावी चप्पल सुटते, म्हणाल्या.

यावेळी मशीन चालू केल्यावर मी शांत उभी राहू शकले नाही. टेबलाभोवती फिरत होते. पातं एका टाचेपासून निघालं आणि बोटांपर्यंत गेलं, परत आलं, पुन्हा गेलं, आणि लाकडात दोन पावलं उमटत गेली, कोणीतरी नुकतंच चालत गेल्यासारखी. शेजारच्या टेबलावरची माणसं आपापली कामं सोडून आली. मी त्यांना सगळी हकिगत सांगितली, गुडघे, छत्री, बूट, सगळं. मी इतकं बोलते हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. मलाही आठवत नव्हतं.

विद्यार्थिनी यायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मी दोन्ही फळ्या घेऊन काकूंकडे पोचले. त्यांनी पावलांची फळी पाहिली आणि पहिला आक्षेप घेतला.

"हा तर पाट आहे. पाटावर जेवायला बसतात, त्यावर पाय ठेवू का मी?"

"पाट नका म्हणू मग. फूटरेस्ट म्हणा."

"इंग्रजीत म्हटलं की चालतं होय?" असं म्हणून त्यांनी पाय ठेवले. टाचा बरोबर बसल्या. बोटं बरोबर बसली. त्या खुर्चीवरच्या फळीवर मागे सरकून बसल्या आणि तिथेच राहिल्या.

मी समोर जमिनीवर बसले. त्यांनी शंख घोट्यावर टेकवला, खांदा लावला, डावा हात व्हायोलिनवरून पूर्ण काढून घेतला आणि हवेत धरून मला दाखवला. वाद्य जागच्या जागी होतं. हात रिकामा होता. मग त्यांनी सा लावला. गज अगदी संथ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सा वरून त्यांचं बोट निघालं आणि न उचलता, तारेवरून घसरत, मधल्या प्रत्येक जागेला स्पर्श करत पंचमावर गेलं. तिथे थांबलं. तसंच परत आलं. सात महिन्यांत ही मींड त्यांच्या हातून निघाली नव्हती. सूर जुना होता, थोडा थरथरता, मधेच एकदा खाली गेला, त्यांनी तो परत घेतला. त्या पंधरा-वीस मिनिटं वाजवत होत्या. फळी हलली नाही. मी हललेच नाही. सून ऑफिसची मीटिंग चालू असताना कानातला हेडफोन काढून दाराशी येऊन उभी राहिली.

थांबल्यावर काकूंनी घोट्याला हात लावला, मग डोळ्यांना लावला.

"माझ्या पायापेक्षा बरा आहे. याला मुंग्या येत नाहीत."

शनिवारी विद्यार्थिनी आली ती रिकामी पेटी घेऊन, कारण काकूंची पेटी जुनी होती आणि प्रवासात टिकली नसती. काकू हॉलमध्ये खुर्चीवर, पाय फूटरेस्टवर, वाजवत होत्या. ती मुलगी बूट काढायचे विसरून दारातच उभी राहिली, मग घाईनं काढले. काकूंनी तुकडा पूर्ण केला आणि म्हणाल्या, "व्हायोलिन मिळणार नाही. जेवण मिळेल. बैस."

ती बसली, जमिनीवर, मांडी घालून, आणि एकाच वेळी हसू आणि रडू लागली. मला वाटलं होतं तिची निराशा होईल. ती म्हणाली, मला घ्यायचंच नव्हतं, पण तुम्हाला नाही कसं म्हणणार. काकू म्हणाल्या, मग मोकळेपणानं सांगायचं होतंस, एवढं लाकूड वाचलं असतं. मग त्यांनी तिला गाडीतून तिचं स्वतःचं व्हायोलिन आणायला लावलं, आणि जेवणाआधी तासभर शिकवलं.

आता ऑक्टोबर आहे. व्हायोलिन काकूंकडेच आहे. त्या रोज सकाळी अर्धा तास वाजवतात, आणि रविवारी त्या मुलीला व्हिडिओवरून शिकवतात. माझ्या नवऱ्याला त्या मशीनवर काय करायचं होतं ते मला कळलेलं नाही, आणि आता कळणारही नाही. घरी मी एकटी असते. वर्कशॉप शनिवारी नऊला उघडतं. मी जाते.